लेसरवाल्या डॉक्टर मॅडमना, डोंबिवलीहून

प्रिय डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

परवा परातभर कणीक मळली आणि लगेच उजव्याच हाताने भाजीचा टोप उतरवला. कोपराने हूं की चूं केलं नाही. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण आमच्या पोळी-भाजी केंद्रावर येणाऱ्या बायका सारख्या विचारतात, "लेसर मारून बरी झालीस ना, कुठे गं?" म्हणून चारचौघींना वाचता येईल असं लिहितेय.

तुमच्याकडे येण्याआधी एका ठिकाणी मला सीटिंगचं पॅकेज गळ्यात मारत होते. लेसरने टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, नवं होतं म्हणे. तुम्हाला तेच विचारलं तर तुम्ही हसलात आणि कोपराच्या बाहेरच्या हाडाशी अंगठा दाबून नेमकी जागा काढलीत. आई गं! मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूचं टेंडन तिथे हाडाला धरलेलं असतं; लाटणं आवळा, फडकं पिळा, तवा उचला, ताण तिथेच. टेंडनला रक्तपुरवठा बेताचा, म्हणून भरून यायला वेळ लागतो. आणि टेनिस एल्बो, म्हणजे हेच माझं कोपराचं दुखणं, बहुतेकांचा वर्षभरात आपसूकही कमी होतो, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकलंत. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला हे सांगणं जड जातं, मला ठाऊक आहे. मग लेसर कशाला? तर मधल्या काळात दुखणं उतरलं की व्यायाम करवतो.

लेसरचा दांडा कोपराला टेकवलात तेव्हा ना उजेड, ना ऊब. दोघींच्या डोळ्यांवर गॉगल मात्र कडक. ९०४ नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण, डोळ्याला न दिसणारा. पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातलं, एक एन्झाइम असा प्रकाश शोषतं आणि त्याने पेशीच्या कामाला जोर येतो, असं मानतात म्हणालात. १९६७ साली बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर या डॉक्टरांनी लेसरने कर्करोग होतो का ते बघायला उंदरांच्या पाठी भादरल्या. कर्करोग झाला नाही, उलट लेसर दिलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. ही गोष्ट घरी सांगितली तर आमचे हे डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "मीही येऊ का?"

"अजून थोडा वेळ धरा ना," असं मी म्हटलं की तुम्ही ठाम नाही म्हणायचात. मिठासारखं आहे म्हणे, जास्त झालं की गेलं कामातून. किरण कुठला आणि डोस किती यावर सगळं अवलंबून; म्हणून तर काही अभ्यासांत लेसरचा गुण दिसतो आणि काहींत काहीच नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचंही तसंच उघड बोललात: पहिले काही आठवडे छान, पण वर्षाने पाहिलं तर ते घेतलेल्यांचं दुखणं जास्त रेंगाळलेलं आढळलंय.

खरं काम त्या पाण्याच्या बाटलीने केलं, हे आता मलाही पटलंय. हात टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर, बाटली सावकाश खाली सोडायची आणि दुसऱ्या हाताने वर आणायची. सुरुवातीला कंटाळा यायचा, थोडं दुखायचंही; तेवढं चालतं म्हणालात. शिवाय तुम्ही माझं लाटणं बघायला मागितलंत! बारीक लाटणं फार आवळून धरावं लागतं म्हणून जाड घ्यायला लावलंत, आणि टोप उचलताना तळवा वरच्या बाजूला ठेवायला शिकवलंत. यंत्राचं बिल सगळेच लावतात, पेशंटचं लाटणं कोण बघतं?

आमच्या केंद्रातल्या मावशींचा खांदा धरलाय, सोमवारी त्यांना पाठवतेय. त्या आत्तापासूनच "मला लेसरच पाहिजे" म्हणून बसल्यात. तुम्हीच काय ते समजावा, माझं ऐकत नाहीत.

तुमची पेशंट,
एक पोळीवाली, डोंबिवली पूर्व