लॉकडाऊनच्या धास्तीने घेतलेले सोयाबीन उगवलेच नाही : बियाणे कंपनीस तक्रार पत्र

दिनांक : ९ जुलै २०२०

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
बियाणे कंपनी, मुख्य कार्यालय.

विषय : सोयाबीन बियाणे न उगवल्याबद्दल व तक्रारीची दखल न घेतल्याबद्दल.

महोदय,

मी औसा तालुक्यातील (जि. लातूर) शेतकरी आहे. सातबारा माझ्या नावावर आहे, काय पेरायचे ते मीच ठरवते आणि तुमच्या बियाण्याचे पैसेही मीच मोजले. म्हणून हे पत्र मुलाकडून लिहून न घेता स्वतः लिहीत आहे.

तुमच्या कंपनीच्या जेएस ३३५ या वाणाच्या सोयाबीनच्या ३० किलोच्या ४ बॅगा मी घेतल्या. चारही एकाच लॉटच्या. १४ जूनला ४ एकरांत पेरल्या. आठवडा उलटला तरी शेत काळेच दिसत होते. एक मीटरची काठी तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, ठेवून मी ठिकठिकाणी रोपे मोजली. एवढ्या तासात पंचवीस-सत्तावीस दाणे पडलेले असतात. रोपे निघाली कुठे पाच, कुठे सहा, दोन ठिकाणी एकही नाही. बॅगेच्या लेबलवर उगवणशक्ती किमान ७० टक्के लिहिली आहे.

पण या बॅगा मी का घेतल्या, ते आधी सांगते. नाहीतर माझी तक्रार तुम्हाला पूर्ण कळणार नाही.

आम्ही दरवर्षी घरचे बियाणे राखतो. मागच्या वर्षी, २०१९ च्या ऑक्टोबरात, काढणीच्या वेळी पावसाने झोडपले, तेव्हाही बांधाकडेच्या उंच वाफ्यातले सोयाबीन आम्ही वेगळे काढले, काठीने बडवून रास केली, सावलीत वाळवले आणि पोत्यांची थप्पी न लावता फळीवर ठेवले. सोयाबीनचा दाणा नाजूक असतो. पोते आपटले तरी त्याची उगवण कमी होते, हे आमच्या घरातल्या लहान पोरालाही माहीत आहे. एप्रिलमध्ये कृषी सहायकांनी मोबाइलवर सांगितले की घरच्या बियाण्याची उगवण तपासा. मी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, गुंडाळी करून ठेवली आणि रोज पाणी शिंपडले. सहाव्या दिवशी शंभरातले ७६ दाणे उगवले. म्हणजे माझ्या घरात चांगले बियाणे होते.

त्याच आठवड्यात तुमचा मेसेज आला. लॉकडाऊनमुळे यंदा बियाण्याचा तुटवडा पडणार, आजच नोंदणी करा. मागोमाग तुमच्या फिल्डवरच्या माणसाचा फोन. पॅकिंगला मजूर नाहीत, गाड्या मिळत नाहीत, जूनमध्ये दुकानात बॅग दिसणार नाही, असे तो म्हणाला. मी म्हटले, माझ्याकडे घरचे आहे. तर म्हणाला, "ताई, घरच्या बियाण्याचा यंदा भरवसा धरू नका, सगळे पावसात भिजलेय."

ते दिवस कसे होते, हे कार्यालयात बसून कदाचित लक्षात येणार नाही. गावाच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आणि बैलगाडी आडवी लावलेली. आमचे अर्धा एकर टरबूज तोडणीला आलेले आणि व्यापारी फोन उचलत नव्हता. काही गावात दारोदार विकले, काही वाटले, उरलेले म्हशीपुढे टाकले. ज्या माणसाने डोळ्यांसमोर पीक सडताना पाहिले, त्याला पुढच्या हंगामाचे बी मिळणार नाही असे कोणी सांगितले तर तो घाबरणारच. मी घाबरले.

तालुक्याचे गाव आमच्यापासून चौदा किलोमीटर. मोटारसायकलवर एकालाच परवानगी आणि मला गाडी येत नाही. दुधाच्या टेम्पोत पुढे बसून गेले. पिशवीत सातबारा आणि आधार कार्ड, कारण नाकाबंदीवर शेतकरी असल्याचा पुरावा मागत. कृषी सेवा केंद्र सकाळी चारच तास उघडे होते. चुन्याच्या गोलात दीड तास उभी राहिले, नंबर लागला तेव्हा शटर अर्धे खाली आले होते. प्रत्येक बॅगेला ५०० असे २,००० रुपये भरले. पीएम किसानचा हप्ता त्याच आठवड्यात जमा झाला होता, तो सगळा यात गेला. येताना टेम्पो निघून गेलेला, निम्मी वाट चालत आले.

तुमची नोंदणी झाली म्हणून मे महिन्यात घरचे १२० किलो बियाणे शेजारच्या शेतकऱ्याला ४२ रुपये किलोने देऊन टाकले. दुधाचा भाव उतरलेला, पेंडीला पैसे लागत होते. या व्यवहाराचे मला आजही वाईट वाटते.

बॅगा मे अखेर मिळणार होत्या. मिळाल्या ११ जूनला. उरलेले ७,२०० रुपये तेव्हा भरले. दुकानदार गर्दीत कच्ची चिठ्ठी देत होता, मी अडून बसून लॉट नंबरची पक्की पावती घेतली. तोवर पाऊस झाला होता, ओल वीतभर खाली गेली होती. गोणपाटावर तपासायला पाच-सहा दिवस जातात. तेवढे थांबले असते तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून गेला असता. लेबलवर ७० टक्के लिहिलेले होते, त्यावर विश्वास ठेवला. बियाण्याला थायरम हे बुरशीनाशक लावले, रायझोबियम हे जिवाणूखत चोळले आणि १४ जूनला ट्रॅक्टरने पेरणी केली.

२१ जूनला, सूर्यग्रहणाच्या रविवारी, मी खुरपे घेऊन तास उकरायला बसले. घरातल्यांनी ग्रहणात शेतात जाऊ नको म्हटले होते, पण मला राहवेना. दीड इंचावर दाणे सापडले. फुगलेले, पण कोंब नाही. चिमटीत धरला की साल सुटून हातात यायची आणि आतली डाळ दोन भाग होऊन चिखलासारखी पसरायची. आंबूस वास येत होता. काहींवर पांढरी बुरशी धरली होती. काहींना कोंब आला होता, पण वाकडा होऊन मातीतच कुजलेला. एका तासातून असे चाळीस दाणे मी पदरात गोळा केले आणि घरी आणले. ते पाहून सासूबाई काही बोलल्या नाहीत, देवघरात जाऊन बसल्या.

बांधाच्या पलीकडे शेजाऱ्याचे शेत हिरवे झाले होते. ते माझे घरचे बियाणे. तोच ट्रॅक्टर, तोच चालक, तोच दिवस, तशीच काळी जमीन.

म्हणून तुमचा ३ जुलैचा मेसेज वाचून मला संताप आला. "खोल पेरणी व अपुरी ओल यामुळे उगवण कमी झाली असावी," असे त्यात लिहिले आहे. शेत न पाहता हे कसे ठरवले? पेरणी खोल झाली असती तर बांधापलीकडची का उगवली? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये आणि दाणा तीन-चार सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये, हे आम्हाला ठाऊक आहे, आम्ही तसेच केले. प्रत्येक बॅगेतले ओंजळभर दाणे मी राखून ठेवले होते. ते नंतर गोणपाटावर मांडले. शंभरात २३ उगवले. गोणपाटावर खोली नसते आणि ओलही कमी पडत नाही.

माझा अंदाज असा आहे की तुमच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवरही २०१९ चा तोच पाऊस पडला. आमचे घरचे बियाणे ज्या पावसाने भिजले असे तुमचा माणूस मला सांगत होता, त्या पावसाने तुमचे कोरडे राहिले असेल असे मला वाटत नाही. हे माहीत असेल तर बॅगा भरण्याआधी पुन्हा उगवण तपासायला हवी होती. नसेल, तर लेबलवरचा आकडा कशाच्या आधारे छापला, हे मला लेखी कळवा.

आता तक्रारीचे काय झाले ते सांगते. २१ जूनला टोल फ्री नंबरवर फोन केला. लॉकडाऊनमुळे कर्मचारी कमी आहेत, नंतर करा, असे रेकॉर्डिंग चारदा ऐकले. दुसऱ्या दिवशी मुलाने फोटो आणि पावती पाठवून ऑनलाइन तक्रार नोंदवली. तो चाकणच्या कारखान्यात होता, मे महिन्यात गावी आला आणि चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत विलगीकरणात राहिला. मी रोज कुंपणाबाहेर डबा ठेवून यायचे. तोच आता माझा एवढा आधार आहे. दुकानदाराकडे गेले तर तो म्हणाला, मी सीलबंद बॅग विकतो, कंपनीशी बोला. त्याच दिवशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज दिला. २६ जूनला तक्रार निवारण समितीची माणसे तोंडाला रुमाल बांधून शेतात आली, चार ठिकाणी रोपे मोजली आणि पंचनामा केला. तुमच्या प्रतिनिधीला आदल्या दिवशी निरोप दिला होता. जिल्ह्याबाहेर येता येत नाही, प्रतिबंधित क्षेत्र आहे, असे त्याने कळवले आणि आला नाही.

बियाण्याचे पॅकिंग आणि शेतीची कामे केंद्र सरकारने मार्च अखेरीसच टाळेबंदीतून वगळली होती. तुमच्या बॅगांची गाडी पास घेऊन दुकानापर्यंत आली. आगाऊ पैसे भरायला मी लॉकडाऊनमध्येच चौदा किलोमीटर गेले. शेत पाहायला यायच्या वेळीच तुम्हाला लॉकडाऊन आडवा आला, हे मला मान्य नाही. मी सातबारा आणि आधार कार्डाची पिशवी घेऊन फिरले, तुमच्या माणसालाही गाडीसारखा पास मिळाला असता.

२८ जूनला दुबार पेरणी केली. शेजारच्या गावातल्या बचत गटाकडून १२० किलो बियाणे ६५ रुपये किलोने घेतले, त्याचे ७,८०० झाले. ट्रॅक्टरवाल्याला एकरी ८०० प्रमाणे पुन्हा ३,२०० दिले. खत दुसऱ्यांदा टाकायला पैसे उरले नाहीत. दोन आठवडे उशिरा पेरलेले सोयाबीन उशिरा निघेल, मग हरभऱ्याला ओल कमी पडेल. तो तोटा आज आकड्यात सांगता येत नाही.

जे आज सांगता येते ते असे. तुमच्या चार बॅगांचे २,३०० प्रमाणे ९,२०० रुपये, बीजप्रक्रियेचे ४८० आणि वाया गेलेल्या पहिल्या पेरणीचे ३,२००. एकूण १२,८८० रुपये. पहिल्या पेरणीत डीएपीची ४ पोती पडली होती, पण ते खत जमिनीतच आहे, त्याचे पैसे मी मागत नाही. बदली बॅगा देऊ, असे दुकानदारामार्फत तोंडी कळवलेत, त्या मला नकोत. पेरणीची वेळ निघून गेली आहे आणि या लॉटवर माझा विश्वास राहिलेला नाही.

हे १२,८८० रुपये पंधरा दिवसांत माझ्या खात्यावर जमा करा. उशिराच्या पेरणीने जे उत्पन्न घटेल त्याची भरपाई पंचनाम्याच्या आधारे काढणीनंतर मागेन, तो हक्क मी सोडलेला नाही. याच लॉटच्या बॅगा आणखी कोणत्या दुकानांतून विकल्या गेल्या, ती यादी तालुका कृषी कार्यालयाला द्या. आमच्याच गावात तिघांचे असेच झाले आहे. त्यातल्या एका घरी पुरुष माणूस नाही आणि त्या बाईकडे पक्की पावतीही नाही. माझ्याकडे पावती आहे म्हणून माझे ऐकले आणि तिचे ऐकले नाही, असे होऊ देऊ नका. बॅगेवरच्या लॉट नंबरवरून तुम्हाला तिची विक्री शोधता येते.

मराठवाड्यात आणि विदर्भात यंदा सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग पडला आहे आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. बियाणे घेणारा शेतकरीही कायद्याने ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच सांगितले आहे. मुदतीत उत्तर आले नाही तर मी जिल्हा ग्राहक मंचात जाईन. कागद सगळे लावून ठेवले आहेत. पावती, चारही बॅगांची लेबले, पंचनाम्याची प्रत आणि फोटो या पत्रासोबत जोडले आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत.

बॅगांतले राखलेले दाणे डब्यात आहेत. बांधालगतचे दोन गुंठे मी दुबार पेरणीत मुद्दाम मोडलेले नाहीत. तण वाढू लागले आहे, पण तास अजून दिसतात. तुमच्या माणसाला पाठवा, मी स्वतः उकरून दाखवते. दिवसभर शेतात असते, फोन संध्याकाळी सातनंतर करावा.

आपली ग्राहक,
एक सोयाबीन उत्पादक शेतकरी,
ता. औसा, जि. लातूर.

प्रत माहितीसाठी : तालुका कृषी अधिकारी कार्यालय, औसा.