उंची होती, पण खेळ घडवावा लागला

महोदय,
अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या बातम्या आपल्याकडे क्वचितच छापून येतात. पर्ड्यू विद्यापीठाच्या झॅक ईडीबद्दल मात्र सविस्तर यायला हवे होते. सात फूट चार इंच उंची, मग त्याला काय अवघड, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात टोरांटोचा हा मुलगा आधी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा. बास्केटबॉलकडे वळला तो पंधरा-सोळाव्या वर्षी. २०२०-२१ च्या पहिल्या हंगामात त्याची सरासरी होती सामन्यामागे ८.७ गुण. पुढे १४.४, मग २२.३ आणि चौथ्या वर्षी २५.२!

२०२३ मध्ये राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत अग्रमानांकित पर्ड्यूला सोळाव्या मानांकित फेअरली डिकिन्सन विद्यापीठाने पहिल्याच फेरीत हरवले. केवढी ती नामुष्की! तरी ईडी व्यावसायिक बास्केटबॉलकडे न वळता कॉलेजातच थांबला आणि पुढच्या वर्षी संघाला थेट अंतिम सामन्यात घेऊन गेला. कनेक्टिकट विद्यापीठाने तो जिंकला, पण ईडीने ३७ गुण केले होते.

आपल्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षी राखीव बाकावर बसलेली मुले दुसऱ्या वर्षी मैदानावर दिसेनाशी होतात. प्रशिक्षकांनी आणि पालकांनी त्यांना निदान तीन हंगाम तरी द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक क्रीडाशिक्षक, सांगली