पसरणीच्या घाटातला दगड

सातारा

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, आपली पांढरी गाडी नेमकी पसरणीच्या घाटातच का बंद पडायची?" घरात पाहुणे होते, म्हणून 'जुनी होती गं' एवढंच बोलून मी फोन ठेवला. तेव्हापासून मनाला चुटपूट लागली आहे. लहानपणी तुला सांगायचो, गाडी दमली, तिला तहान लागलीय. मग तू बाटली घेऊन तिला पाणी पाजायला पुढे यायचीस. खरं कारण सांगायचं राहूनच गेलं.

पसरणीचा घाट वाईहून पाचगणीला चढतो. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, पाचगणी १,३०० च्या आसपास. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरांत ६०० मीटर चढायचं. मे महिन्याची दुपार, पुढे मालानं भरलेला ट्रक आणि मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आपण. त्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला होता. इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची. पंपाला पेट्रोल ओढता येतं, वाफ ओढता येत नाही. पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्ब्युरेटर कोरडा पडायचा, गाडी दोन-तीन आचके द्यायची आणि बंद. याला व्हेपर लॉक म्हणतात. पंपावर ओलं फडकं ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, एवढाच उपाय. फडक्यातलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि काही झालंच नाही अशी गाडी सुरू होते. तुझ्या बाटलीतलं पाणी मी त्याच फडक्यावर ओतायचो. तुझ्या पाण्यानंच गाडी चालू व्हायची, चिऊ. तेवढं मी खोटं बोललो नव्हतो.

आणि तो दगड! हँडब्रेक चढावर धरत नसे. गाडी थांबली की तू आधी उतरायचीस, मागच्या चाकाला दगड लावायचीस आणि ओरडायचीस, "लावलाऽ बाबा!" ती हाक कानावर पडेपर्यंत मी ब्रेकवरचा पाय काढत नसे. 'बाजूनं लाव, गाडीच्या मागे उभी राहू नकोस' हे मी दर वेळी बजावायचो आणि तू दर वेळी तसंच करायचीस. तरी आता आठवलं की पोटात गोळा येतो. सात वर्षांची होतीस तू. सुरुवातीला मिळेल तो दगड उचलायचीस, मग मेणवलीला नदीकाठी तो काळा, तिकोनी दगड सापडला आणि डिकीत त्याची जागा ठरली.

आई कठड्यावर डबा उघडायची. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि घाटात पोरं विकत असायची ती पानाच्या द्रोणातली करवंदं. खाली वाई, पलीकडे धोम धरणाचं पाणी. एकदा एका एसटीच्या ड्रायव्हरनं भरल्या गाडीनिशी थांबून विचारलं होतं, "पाणी हाय का, पाव्हणं?" त्या माणसाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

मला मात्र त्या वेळी फार लाज वाटायची. तुझ्या मामाच्या साखरपुड्याला आपण पोहोचलो तेव्हा पंगत उठली होती. तुम्हा दोघींना धड एक गाडीसुद्धा देता येत नाही, असं वाटून त्या रात्री मला झोप आली नाही. परवा तू म्हणालीस, "मला करवंदं आठवतात, आणि तुम्ही माझ्या हाकेची वाट बघायचात ते." हे ऐकायला मला इतकी वर्षं लागली.

तुझ्या विजेच्या गाडीत पेट्रोलची नळीच नाही, मग वाफ होणार कशाची! घाट उतरताना तर बॅटरीत थोडी वीज परत भरते, हे वाचून मला फार आनंद झाला.

गाडी विकली तेव्हा दगड मी काढून घेतला होता. मागच्या अंगणात टाकीच्या झाकणावर आहे, काल धुऊन ठेवला. दिवाळीला आलीस की तुझ्या गाडीनं पसरणीचा घाट चढू. करवंदांचे दिवस नसतील, पण आई भाकरी-चटणी बांधून देईल. आपल्या जुन्या वळणावर गाडी बाजूला घे. दगड मी बरोबर घेतो, लावायचा मात्र तूच.

तुझे
बाबा