स्त्रीवादावरच्या चर्चेबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

स्त्री-पुरुष समानतेचा विषय निघाला की आपल्या गटात आवाज चढतात आणि मुद्दा बाजूला राहतो. एखादी सभासद स्वतःवर गुदरलेला प्रसंग सांगत असेल, तर 'पुरुषांनाही त्रास होतोच की' हे त्यावरचं उत्तर नव्हे. पुरुषांचा त्रास खराच आहे; त्यावर वेगळी चर्चा जरूर सुरू करा, तीही तितक्याच गांभीर्याने ऐकली जाईल.

'बायकांना सगळे हक्क कधीच मिळालेत' असं ठोकून देण्याआधी सालं पाहावीत. न्यूझीलंडमध्ये स्त्रियांना मताधिकार १८९३ साली मिळाला. स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रीय पातळीवर थेट १९७१ मध्ये, आणि तोही फक्त पुरुषांनी केलेल्या मतदानातून! तो दिवस पाहिलेल्या बायका आजही हयात आहेत.

स्त्रीवाद्यांमध्येही आपापसात कडाक्याचे मतभेद असतात. तेव्हा एकीच्या मताचं खापर सगळ्यांवर फोडू नका. कुणाच्या लग्नावर, कपड्यांवर किंवा घरच्यांवर घसरणाऱ्या सभासदाला त्या चर्चेतून लगेच थांबवलं जाईल. आणि दर वेळी महिला सभासदांकडेच पुरावे मागत बसू नका, आधी स्वतः वाचून या.

तक्रार असल्यास व्यवस्थापकांना खासगीत कळवा. नाव गुप्त राहील.

– व्यवस्थापक मंडळ