सुटे भाग कारागिरांना मिळू द्या

महोदय,

गेल्या महिन्यात वाटण करताना माझ्या मिक्सरमधून ठिणग्या उडाल्या, जळका वास आला. कंपनीच्या सेवा केंद्रात नेला, तर "मॉडेल जुनं झालंय, नवीनच घ्या" म्हणाले. उघडूनही पाहिला नाही. याचा मला फार राग आला.

मग इथल्या भद्रकाली भागातल्या एका कारागिराकडे गेले. त्यांनी चार स्क्रू काढले आणि दोन कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या छोट्या कांड्या, माझ्या तळहातावर ठेवले. झिजून हरभऱ्याएवढे उरले होते! कांडी झिजली की फिरत्या भागाला नीट टेकत नाही, म्हणून ठिणग्या. नवी जोडी, वीस मिनिटं, दीडशे रुपये. मिक्सर रोज चालतोय.

नाशिक हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. लहानपणी आईसोबत कल्हईला जायचे. तापलेल्या पातेल्यात नवसागराचा पांढरा धूर उठायचा, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं की आतून चांदीसारखा उजेड पडायचा. तेव्हा भांडं टाकून द्यायचं कुणाच्या मनातही येत नसे.

केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल, म्हणजे कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी देणारं संकेतस्थळ, सुरू केलं. घरगुती उपकरणंही त्यात आहेत. पण भद्रकालीतल्या त्या कारागिरांना अस्सल सुटे भाग आजही सहज मिळत नाहीत, जुन्या मिक्सरमधले काढून डब्यात जपून ठेवावे लागतात. कंपन्यांनी ते त्यांना रास्त भावात विकावेत, अशी सक्ती सरकारने करावी.

– एक गृहिणी, पंचवटी, नाशिक