जुन्या वाहनांची तपासणी आधी करा

महोदय,
करोनाकाळात वाहनांच्या योग्यता प्रमाणपत्रांना (वाहन रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचा दाखला) ३१ मार्च २०२१पर्यंत मुदतवाढ दिल्याची बातमी वाचली होती. मार्च २०२०पासूनची ती चौथी वाढ. सवलत १ फेब्रुवारी २०२०पासून मुदत संपलेल्या कागदपत्रांनाच होती. जानेवारीत संपलेल्यांना नाही. प्रमाणपत्रावर मात्र जुनीच तारीख, म्हणजे नाक्यानाक्यावर हुज्जत आलीच. त्याहून गंभीर बाब वेगळी आहे. आठ वर्षांपेक्षा जुन्या व्यावसायिक वाहनांची तपासणी दरवर्षी व्हावी लागते. फेब्रुवारी २०१९मध्ये तपासलेला जुना ट्रक या सवलतीमुळे दोन वर्षांहून अधिक काळ विनातपासणी धावू शकत होता, आणि अत्यावश्यक मालाची वाहतूक तर टाळेबंदीतही थांबली नव्हती! सरसकट सवलतीऐवजी आरटीओने अशा वाहनांना आधी तारखा द्याव्यात. नव्या गाड्या थोड्या थांबल्या तरी चालतील.

— एक वाचक, पनवेल