पट्टी कितीचीही येवो

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. नमस्कार.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला होता. फार चिडलेला होता. 'बाबा जन्मभर गप्प राहिले म्हणून आपल्याला सगळ्यांनी दाबलं,' म्हणाला. त्याचा राग मला कळतो. साठवणीच्या चाळीत कांदा सडतोय आणि भाव उठत नाही म्हटल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. पण तुम्ही गप्प राहिलात हे मला मान्य नाही, म्हणून हे लिहायला बसले.

2019 आठवा. परतीच्या पावसाने किती जणांचा लाल कांदा वावरातच सडला. आपला थोडा वाचला आणि डिसेंबरात शहरात कांदा शंभर रुपये किलोच्या पुढे गेला. बाबा, तुम्ही आधी गावच्या सोसायटीचं कर्ज फेडलंत, मग काढणीच्या बायांना ठरल्यापेक्षा जास्त मजुरी दिलीत. ज्यांचा कांदा गेला त्यांच्यासमोर पट्टीचा, म्हणजे व्यापाऱ्याकडून मिळालेल्या विक्रीच्या पावतीचा, आकडा कधी काढला नाहीत. कुणी विचारलंच तर, 'बरं झालं यंदा,' एवढंच. भाव पडल्यावर शांत राहणारे पुष्कळ असतात, तेव्हा दुसरा इलाजही नसतो. भाव मिळाल्यावर आवाज न चढवणारा माणूस मी आपल्याच घरात पाहिला.

मग 8 डिसेंबर 2023. कांद्यावर निर्यातबंदी आली, लासलगावच्या बाजारातले लिलाव बंद पडले, चांदवडला लोक महामार्गावर उतरले. तुम्हीही त्यांच्यात होतात, हे दादा विसरतो. बंदी उठली 4 मे 2024 ला, तीही 40 टक्के निर्यात शुल्क ठेवून. तोवर आपला लाल कांदा मातीमोल भावात गेला होता. त्याच हंगामात एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर वजनात घट धरली, तेव्हा ट्रॅक्टर तिथेच उभा करून तुम्ही पट्टी दुरुस्त करून घेतलीत. शिवी दिली नाहीत. हमालावर ओरडला नाहीत. घरी येऊन आईवर राग काढला नाहीत. याला कुणी घाबरटपणा म्हटलं तर मला सहन होत नाही.

आणि आई, तू. बांधावरून काकांशी बोलणं बंद होतं. बाबांनी जमीन मोजणीचा अर्ज केला, तू मात्र काकू आजारी पडल्यावर रोज डबा पाठवत राहिलीस. मोजणीत बांध आपल्याकडे सरकला, त्या दिवशी घरात कुणाला जिंकल्याची भाषा बोलू दिली नाहीस. म्हणून तर आज काकूची मुलं सणाला आपल्याकडे जेवतात.

मला यंदा ऑफिसात वरची जागा मिळाली. कालपर्यंत ज्यांच्या हाताखाली होते, त्यांतले दोघं आता मला विचारून काम करतात. त्यांच्याशी बोलताना मला तुम्ही दोघं फार उपयोगी पडता.

बाबा, दादाला माझं पटणार नाही. तुम्हीच त्याला घेऊन बसा. तुमची हिशोबाची वही त्याच्यापुढे ठेवा, चांगल्या वर्षांची पानं आणि वाईट वर्षांचीही. त्याला वाटतं तुम्हाला कधी काही लागलंच नाही. ती बंदी आली तेव्हा तुम्हाला रात्र-रात्र झोप नव्हती, हे मला आईने सांगितलं. त्याला अजून कुणीच सांगितलेलं नाही. ते तुमच्या तोंडून कळू दे.

आई, गुडघ्याचे कागद काढून ठेव. दिवाळीआधी येते, तेव्हा आपण डॉक्टरांकडे जाऊन येऊ.

तुमची लेक